गुंजेचा पाला

बाबांचा आवाज बसला तेव्हा आईला आणि मला हायसं वाटलं होतं. आज साठीला टेकल्यावर हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायला बसलेच आहे तर खरं तेच लिहावं. भांडुपला टेकडीच्या चढावर आमची चाळ होती, त्यात आमची दीड खोली, आणि त्या दीड खोलीत बाबांचा आवाज मावायचा नाही. ते भजनी बुवा होते. आम्हां मालवणी लोकांत डबलबारी असते. दोन बुवा आपापली मंडळं घेऊन समोरासमोर बसतात, गाण्यातून एकमेकांना सवाल टाकतात, चिमटे काढतात, आणि लोक पहाटेपर्यंत हलत नाहीत. बाबांनी पेटीवर बोटं ठेवून पहिला आलाप घेतला की मंडपाच्या मागे उभी असलेली माणसंही बोलायची थांबत. तोच आवाज घरात चढला की मी मोरीत जाऊन पाय धुवत बसायची. तो कशावर चढेल याचा काही नेम नसे. कालवणात मीठ कमी, कंदिलाची काच फुटलेली, शेजारच्या रेडिओचा आवाज मोठा, माझं गणित चुकलेलं. एकदा बांगड्याच्या तिखल्याचं ताट त्यांनी भिंतीवर भिरकावलं होतं, तो हळदीचा डाग दोनदा चुना मारूनही गेला नाही. मारत मात्र कधी नसत. लोक विचारतात म्हणून हे मुद्दाम सांगते. मारायची त्यांना गरजच पडत नसे.

तर महाशिवरात्रीच्या डबलबारीला तीन आठवडे उरलेले आणि बाबांचा घसा बसला. आईने ज्येष्ठमध उगाळला, लवंगा भाजल्या, हळद घालून दूध दिलं, अडुळशाचा काढा केला. घरभर त्या काढ्याचा कडवट वास आणि घरात पहिल्यांदाच शांतता. स्टोव्हची फरफर ऐकू यायची, वरच्या खोलीतल्या काकूंचा पाटा-वरवंटा ऐकू यायचा, इतकी. पण चार दिवसांत माझ्या लक्षात आलं की हे काही खरं नाही. ओरडता येईना म्हणून बाबा टाळी वाजवायला लागले. टाळी आली की मागे वळून त्यांच्या तोंडाकडे बघायचं आणि राग कशाचा आहे ते आपण ओळखायचं. चुकीचं ओळखलं की दुसरी टाळी. ओरडणं परवडलं, असं आई एकदा भाकरी थापता थापता पुटपुटली आणि लगेच तिने दाराकडे बघून घेतलं.

घोगऱ्या आवाजात बाबा एकच धोशा लावून बसले होते. ‘गुंजेचो पालो गावलो तर घसो सुटतलो.’ गावी म्हणे कुंपणावर गुंजेची वेल होती आणि त्यांचे गुरू बारीला बसण्याआधी तिचा पाला चघळायचे. ज्येष्ठमधासारखा गोड लागतो. तसा भांडुपच्या पानवाल्याकडे तो मिळायचा कधीतरी, पण सुकलेला, चुरा झालेला. बाबांना ताजा हवा होता. आणि योगायोगाने त्याच आठवड्यात शेठनी त्यांना बोर्डीला गाडी घेऊन जायला सांगितलं.

शेठ मुलुंडला राहायचे. गिरणीतली नोकरी सुटल्यावर बाबा त्यांच्याकडे ड्रायव्हर म्हणून लागले होते. बोर्डीला शेठची चिकूची वाडी होती, तिथे घरची मंडळी आगगाडीने शनिवारी येणार, आणि त्यांच्यासाठी गाडी आधीच तिथे पोचलेली हवी होती. गाडी म्हणजे क्रीम रंगाची फियाट. तिच्या इंजिनाचं मोठं काम नुकतंच करून आणलेलं. असं काम झालेल्या इंजिनाला सुरुवातीला पळवायचं नसतं, ते बसू द्यावं लागतं, म्हणून शेठनी बजावून सांगितलं होतं की काटा चाळीसच्या वर जाता कामा नये. ‘आरामात जा. बायको-मुलीला घेऊन जा, त्यांनाही हवापालट होईल,’ असं शेठ म्हणाले. माझी शाळा दोन दिवस बुडणार होती. बाबांनी त्याबद्दल काही विचारलं नाही, आणि आम्हीही तो विषय काढला नाही.

आई पहाटे उठून कामाला लागली. घावणे, काळ्या वाटाण्यांचं सुकं, तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर, आणि एका काचेच्या बाटलीत सोलकढी. गाडीत बसल्यावर तिने मागच्या सीटवर आपलं जुनं लुगडं पसरलं आणि ती बाटली दोन्ही गुडघ्यांत आवळून एका हाताने धरली ती जेवणाच्या वेळेपर्यंत सोडली नाही. शेठच्या सीटवर थेंब सांडला असता तर काय झालं असतं, ते आम्हा दोघींना न सांगता माहीत होतं. मला बाबांनी पुढे बसवलं. मी चपला काढून हातात घेतल्या. बारा-तेरा वर्षांची होते, गाडीत पुढे बसायची पहिलीच वेळ, आणि आनंद व्हायचा सोडून मी दाराच्या कडीला आपला फ्रॉक अडकतोय की काय ते बघत होते.

मुलुंडचा चेकनाका सोडला, ठाणं मागे पडलं आणि गाडी घोडबंदरच्या रस्त्याला लागली. तो रस्ता आज बघवत नाही. दोन्ही बाजूंना मजल्यावर मजले चढलेले, मध्ये पुलाचे खांब, आणि माझा मुलगा त्या गर्दीत अडकला की मला फोन करून वैताग काढतो. त्या वेळी डाव्या हाताला नुसता डोंगर होता, उजवीकडे झाडांच्या फटींतून खाडी दिसायची आणि मधूनच एखादा ट्रक. चाळीसच्या वेगाने सगळं इतकं सावकाश जायचं की झाडाचं पानही ओळखता यावं. माघाचे दिवस. सावरीची पानं पूर्ण झडून लाल फुलं लागलेली, खाली रस्त्यावर तिच्या पाकळ्या चिरडलेल्या. पांगारे फुलले होते. डोंगराच्या उतारावर धायटीची तांबडी झुडपं. बाबांनी काच खाली केली, कोपर बाहेर काढलं आणि घोगऱ्या आवाजात एकेक झाड दाखवायला लागले. ‘ती बघ सांवर. तो पांगारो. ह्यो ऐन, ह्याची साल बघ कशी सुसरीसारखी फुटलेली.’ किंजळ, कुंभा, कुडा. उक्षीच्या वेलीपाशी तर त्यांनी गाडीच थांबवली, उतरून एक तुरा तोडला आणि मागे आईच्या हातात दिला. आईने तो घेतला, पण बाटली धरलेला हात सोडवेना, म्हणून तिने तो मांडीवर ठेवला.

असे बाबा मी पाहिले नव्हते. चाळीत झाड म्हणजे नळापाशी कोणी लावलेली तुळस. ह्या माणसाला एवढी झाडं नावानिशी ठाऊक आहेत, त्यांचा उपयोग ठाऊक आहे, आणि ती बघून त्यांचं तोंड असं मऊ होतं, हे मला नवं होतं. मी खूश होते की नाही ते सांगता येत नाही. मला धाकधूकच जास्त होती. हे कधी बिघडेल, आणि बिघडलं तर ते माझ्यामुळे नको. वाटेत दर थोड्या वेळाने मी मागे वळून आईकडे बघायची, आणि तीही बाबांच्या मानेकडे बघत असायची.

अहमदाबादच्या हमरस्त्याला लागून आम्ही खाडीवरचा पूल ओलांडला. वैतरणेच्या अलीकडे एका ओढ्यापाशी बाबांनी गाडी सावलीत घेतली. इंजिन तापलं होतं, पाणी घालायचं होतं. बॉनेट उघडून ते उभे राहिले आणि एकदम टाळी वाजली. मी वळून त्यांच्या तोंडाकडे बघितलं. पण ते ओढ्याकाठच्या करवंदीच्या जाळीकडे बोट दाखवत होते. जाळीवर एक बारीक पानांची वेल चढली होती, चिंचेसारखी पानं, आणि मधे मधे सुकून उलगडलेल्या शेंगा. शेंगांत लाल चुटूक बिया, प्रत्येकीला काळा डोळा. ‘गुंज!’ बाबा म्हणाले. ‘चेडवा, जा, पालो काढ. नुसतो पालो. शेंगो नको.’

मी पळत गेले. करवंदीचे काटे हाताला ओरबाडत होते, पाला वरच्या बाजूला जून होऊन पिवळा पडला होता आणि हिरवा होता तो आत, सावलीत. मागे बॉनेट आपटल्याचा आवाज आला. उशीर झाला तर टाळी येणार. म्हणून मी निवडत बसले नाही. हाताला आल्या त्या डहाळ्याच्या डहाळ्या खेचल्या आणि फ्रॉकच्या ओच्यात भरल्या. त्या बिया मात्र मला फार आवडल्या. दोन-तीन शेंगा मी वेगळ्या खुडून फ्रॉकच्या खिशात टाकल्या, चाळीतल्या मैत्रिणींना दाखवायला. ह्या बिया मी सोनाराकडे पाहिल्या होत्या, पण वेलीवर त्या अशा असतात हे माहीत नव्हतं. आणखी काय माहीत नव्हतं ते पुढे कळलंच.

गाडी सुरू झाली. मी ओच्यातला पाला ओरबाडून काड्या बाजूला करायला लागले. समोरून ट्रक येत होता. बाबांनी रस्त्यावरची नजर न काढता डावा हात माझ्यापुढे केला. मी घाईघाईने एक मूठ त्यावर ठेवली. ठेवता ठेवता मला दिसलं की पाल्यात एक शेंग आहे, सुकलेली, अर्धवट उघडलेली. माझा हात पुन्हा पुढे झाला, पण तोवर त्यांची मूठ तोंडाशी गेली होती. मागून आई म्हणाली, ‘अवो, वायच बघून खावा.’ बाबा तोंड भरलेलं तसंच म्हणाले, ‘गाडी चालवू की पालो निवडीत बसू?’ आवाज घोगरा असला तरी त्यातली धार गेली नव्हती. आई गप्प झाली. आणि मग मी तो आवाज ऐकला. दाताखाली काहीतरी कट्टकन फुटल्याचा. बाबांनी क्षणभर चावणं थांबवलं, जीभ फिरवली, पुन्हा चघळायला लागले. ‘गोड आसा,’ असं म्हणाले. पुष्कळ वेळाने त्यांनी चोथा खिडकीतून थुंकला.

मला तेव्हा एवढीच भीती होती की शेंग नको म्हटलेलं असताना शेंग आली. ती भीती माझ्या ओळखीची होती आणि मनोरपर्यंत ती ओसरतही आली. दोन्ही बाजूंना माळ होते, माळावर एकटे पळस उभे, काळ्या कळ्यांतून पहिली केशरी फुलं डोकावत होती. बाबा मधूनच घसा साफ करून एखादा सूर लावून बघत आणि ‘सुटता हां, सुटता’ असं स्वतःशीच म्हणत. चारोटीला जिथून डहाणूचा रस्ता फुटतो तिथे एका झाडाखाली एक आदिवासी बाई बोरांची टोपली घेऊन बसली होती. बाबा आणि बाटली हातात धरलेली आई पाय मोकळे करायला उतरले. मी बोरं घ्यायला गेले. ती पानावर बोरं काढत होती तेव्हा मी खिशातल्या शेंगा काढून बिया तळहातावर ओतल्या. मला वाटलं, हिला आवडतील.

तिने माझं मनगटच धरलं. ‘बाय, तोंडात नको घालू हां ती. अख्खी गिळली तर जाते निघून. पण दाताखाली फुटली तं माणूस जातं. आमच्याकडे ढोरं मारलीत ह्या बीने.’

‘लगेच?’ मी विचारलं.

‘लगेच कुठं? दोन दिस, तीन दिस. पोट जातं, रक्त जातं, मग माणूस जातं.’ तिने माझा तळहात उलटा केला, बिया मातीत पडल्या आणि तिने त्या पायाने पुरल्या. मग शांतपणे उरलेली बोरं पानावर ठेवली.

मी गाडीत येऊन बसले. उन्हं डोक्यावर आली होती आणि मला थंडी वाजत होती. बाबा मरणार. मी मारलं. हे दोनच विचार आलटून पालटून येत होते. ते शेजारी बसून गाडी चालवत होते, बोटांनी स्टिअरिंगवर ताल धरत होते, आणि त्यांच्या पोटात ती बी होती. सांगावं म्हणून मी तोंड उघडायची आणि पुन्हा मिटायची. मी मनात वाक्यं जुळवत होते. ‘बाबा, मघाशी शेंग आली होती.’ पुढचं त्यांचं वाक्य मला पाठ होतं: ‘नुसतो पालो म्हणान सांगलंय मां तुका?’ आणि त्यापुढे त्यांचा चेहरा. त्या चेहऱ्यापाशी आले की माझी सगळी वाक्यं विरघळून जायची. काटा चाळीसवर स्थिर होता. बैलगाड्या मागे पडत होत्या त्याही सावकाश. ताडाची झाडं दिसायला लागली, त्यांच्या डोक्यांवर मडकी बांधलेली, आणि बाबा मला ताडी कशी काढतात ते सांगत होते, नि मी नुसती मान हलवत होते.

मग त्यांनी पुन्हा हात पुढे केला. ‘दी, अजून पालो दी.’ मी ओच्यातला सगळा पाला, काड्यांसकट, खिडकीबाहेर फेकून दिला. बाबांनी ब्रेक दाबला. ‘कित्याक टाकलंस?’ मी म्हटलं, ‘किडे होते.’ ते माझ्याकडे बघत राहिले, त्यांच्या मानेची शीर तट्ट फुगली, आता आवाज फुटणार असं वाटलं, पण नुसती हवा बाहेर आली. तेवढ्यात आई मागून पटकन म्हणाली, ‘बरा झाला, टाकल्यान ता.’ तिचा आवाज जरा वेगळाच लागला, पण मला तेव्हा आईकडे लक्ष द्यायला सवड नव्हती.

जेवायला आम्ही एका आंब्याखाली थांबलो. मोहोराचा वास दाटून आला होता आणि माश्या घोंगावत होत्या. आईने पानं वाढली. मला घास उतरत नव्हता. बाबा घावणे खात होते आणि मी त्यांचा प्रत्येक घास मोजत होते, पोटावर हात ठेवतात का बघत होते. आईने तीन वेळा विचारलं, ‘पोटात बरा आसा मां?’ तिसऱ्या वेळी बाबा खेकसले, ‘माका काय धाड भरलीहा?’ पण मग सोलकढीचा पेला त्यांनी अर्धवट ठेवला. ‘जड वाटता वायच,’ असं म्हणाले आणि पंच्याने कपाळ पुसलं. घाम आला होता. फेब्रुवारीतल्या दुपारी कोणाला घाम येत नाही? मला हे आज कळतं. तेव्हा मला ते डोळ्यांसमोर जाताना दिसले.

डहाणूच्या अलीकडे त्यांनी अचानक गाडी कडेला घेतली, काही न बोलता उतरले आणि शिंदीच्या झुडपामागे गेले. मी दोन मिनिटं वाट पाहिली. खोकल्याचा आवाज आला. मग मला काही सुचेना. मी अनवाणीच धावले, काट्यांतून, आणि ते झुडपामागून बाहेर येत होते, पायजम्याची नाडी बांधत, तर मी त्यांच्या सदऱ्याला लटकले आणि किंचाळले, ‘बाबा, तुम्ही बी खाल्लीत! माझ्या हातून शेंग आली होती! ती बाई म्हणाली माणूस मरतं!’

त्यांनी मला दूर धरलं. ‘कदी?’

‘ओढ्याकडे.’

‘आणि आता सांगतंस?’

मी डोळे घट्ट मिटून घेतले. पण काहीच झालं नाही. डोळे उघडले तर ते आपल्या डाव्या तळहाताकडे बघत होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. बाबांना घाबरलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते बघून माझी उरलीसुरली आशाही गेली. ‘फुटलेला तर होता कायतरी,’ ते हळूच म्हणाले. ‘माका वाटला, काडी. थुकलंय का गिळलंय...’ पुढे त्यांना आठवेना. गाडीत बसले, दार लावलं, आणि काटा चाळीसच्या पुढे गेला. पन्नास, साठ, पासष्ट. इंजिन घरघरायला लागलं, काचा वाजायला लागल्या. शेठच्या गाडीचं त्यांनी इतके दिवस डोळ्यांत तेल घालून जपलेलं इंजिन, आणि त्यांनी पेडल वर उचललं नाही. मागे आईने एक शब्दही विचारला नाही.

डहाणूत एक म्हातारे डॉक्टर मिळाले. त्यांनी मिठाचं पाणी तांब्या तांब्या पाजून बाबांना उलट्या करायला लावल्या. अंगणातल्या नळापाशी बाबा ओणवे बसलेले, आई त्यांची पाठ धरून, आणि मी भिंतीला टेकून घमेल्यात बघायचा प्रयत्न करत होते. बी दिसली नाही. हिरवट चोथ्याचे धागे दिसले. डॉक्टर म्हणाले, ‘फुटून किती पोटात गेलं, कोण सांगणार? ह्याला उतारा नाही. दोन दिवस लक्ष ठेवा. जुलाब लागले, रक्त दिसलं, तर तडक घेऊन या.’ मला त्यांनी गालावर थोपटलं. मला ते आवडलं नाही.

बोर्डीच्या वाडीतली ती रात्र आणि दुसरा दिवस मी कसा काढला ते मला नीट सांगता येणार नाही. सांगण्यासारखं फार नाहीच. बाबा खाटेवर पडून होते, मी उंबऱ्यावर. ते परसाकडे गेले की मी मागोमाग अर्ध्या वाटेपर्यंत जायची आणि परत येताना त्यांच्या तोंडाकडे बघायची. ते मान हलवून ‘नाय’ म्हणायचे. समुद्राची गाज, सुरूच्या झाडांतून येणारा वारा, चिकूच्या ओळीच्या ओळी. एवढ्या सुंदर जागी मी नंतरही फार वेळा गेले नाही, आणि तरी तिथलं मला आठवतं ते बाबांचं जानवं आणि त्याखाली वर-खाली होणारं पोट. वाचणाऱ्याचा जीव टांगणीला ठेवण्याची मला हौस नाही, म्हणून सांगून टाकते: त्यांना काही झालं नाही. त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले. बी त्यांनी चोथ्याबरोबर थुंकली असणार, किंवा फुटली ती खरंच काडी असेल.

पण दुसऱ्या दिवशी उन्हं कलती झाली तेव्हा हे आम्हाला अजून ठाऊक नव्हतं. बाबा खाटेवरून उठून बाहेर ओट्याच्या पायरीवर येऊन बसले होते. आत आई भातासाठी तांदूळ पाखडत होती. बाबांनी मला शेजारी बसायला सांगितलं. मी एक पायरी सोडून खाली बसले.

‘चार तास,’ ते म्हणाले. घसा अजून घोगराच होता. ‘चार तास तू गप रवलंस. कित्याक गो?’

‘तुम्ही ओरडाल म्हणून.’

‘मी मरतलंय म्हणान भीती वाटूक नाय?’

‘वाटली.’

‘मगे?’

मी पायाच्या अंगठ्याने माती उकरत होते. खोटं बोलायचा फार मोह झाला. पण दोन दिवस मी इतकी घाबरले होते की आता खोटं जुळवायला अंगात बळच उरलं नव्हतं. ‘ती पण वाटली,’ मी म्हटलं. ‘पण ओरडण्याची जास्त वाटली.’

 वाडीतून कोणी सायकल घेऊन गेलं, त्याने रामराम केला, बाबांनी हातही उचलला नाही.

‘माझी इतकी भीती वाटता तुका?’

मी मान डोलावली.

‘आणि तुझ्या आवशीक?’

आत पाखडण्याचा आवाज थांबला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, दाराकडेही बघितलं नाही. आईची पावलं उंबऱ्यापर्यंत आली. ती पदराने हात पुसत नव्हती, डोक्यावर पदर सारखा करत नव्हती, बाबांसमोर येताना जे जे करायची त्यातलं काहीच करत नव्हती.

‘शेंग माका पण दिसली होती,’ ती म्हणाली. ‘हिच्या हातात. तुमच्या तोंडात जायच्या आधी.’

गुंजेची बी काय करते हे आईला ठाऊक होतं. ती गावातच वाढली होती. हे माझ्या ध्यानात यायला जरा वेळ लागला, बाबांच्या ध्यानात लगेच आलं. त्यांनी तिच्याकडे मान वर करून पाहिलं.  मग ते पायरीवर बाजूला सरकले आणि आपल्या शेजारची जागा हाताने झाडून तिच्यासाठी मोकळी केली.

आई बसली नाही. ती सूप हातात धरून तशीच दारात उभी राहिली.